भूकंपाचं तेल

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला द्यायचं यावर घरात एकमत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, ते करडईच्या तेलाला देतात. माय देवीला देते. मला विचाराल तर ते पामतेलाला जायला हवं. पण हे मी घरात अजून बोललेले नाही. का बोलले नाही, ते नीट सांगता येतं का बघते.

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. आमचं गाव औसा तालुक्यात, पण ज्या गावांची नावं पुढे पेपरात येत राहिली त्यांच्यापासून जरा बाजूला. आमच्याकडे घरं पडली, माणसं वाचली. त्यामुळे आमच्या दुःखाला कायम एक संकोच असायचा. शेजारच्या गावांसमोर आपलं काय सांगायचं? मदत मात्र आम्हालाही मिळाली. ट्रकमधून ब्लँकेटं आली, बिस्किटं आली, बर्फात घालायचे जाडजूड कोट आले. त्यातला एक कोट पुढे दोन हिवाळे आमच्या म्हशीने वापरला. आणि तेलाचे डबे आले.

डब्यावर समुद्र होता आणि काठावर दोन उंच झाडं होती. समुद्र आमच्यात कुणी पाहिला नव्हता, पण झाड सगळ्यांनी लगेच ओळखलं. आमच्या ओढ्याकाठी शिंदीची झाडं असतात, तसंच ते दिसत होतं. शिंदीची दारू काढतात हे सगळ्यांना माहीत. तेल निघतं हे नवीन होतं. त्यामुळे गळ्यात माळ असलेल्या दोन-तीन घरांनी डबा घ्यायलाच नकार दिला. सरकारी माणूस समजावून दमला. शेवटी तो म्हणाला, "अहो, हे परदेशातलं झाड आहे." त्यावर एक आजोबा म्हणाले, "मंग परदेशातली दारू चालंल का?" त्याने ते डबे परत ट्रकात चढवले.

बाकीच्यांनी डबे घेतले. गावाचा तेलघाणा दगडमातीच्या घरात होता, ते घर पडलं होतं. घाणा चालवणारं कुटुंब औशाला निघून गेलं होतं. करडई होती, पण गाळायला जागा नव्हती. तेव्हा तात्पुरत्या राहण्यासाठी मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये फोडण्या बसल्या त्या पामतेलाच्या. नाव कुणी वाचलं नाही. सगळे त्याला भूकंपाचं तेल म्हणायचे.

डिसेंबरात एक गंमत झाली. थंडी पडली आणि तेल गोठलं, पांढरं, रवाळ, अगदी तुपासारखं. शेडमधल्या काही बायकांना वाटलं, सरकारनं या खेपेला तूप पाठवलं. त्याच आठवड्यात वेळ अमावस्या होती. आमच्या भागात त्या दिवशी शेतात जेवण असतं आणि वाटेवरच्या माणसालाही हात धरून बसवतात. पुनर्वसनाचे एक साहेब पाहणीला आले होते, त्यांना बसवलं. सगळ्या भाज्यांची एकत्र भज्जी झाली, आंबील झाली, गव्हाची खीर वाढली आणि खिरीवर चमचाभर भूकंपाचं तेल. साहेब शहरातले. डोळे मिटून म्हणाले, "गावरान तूप ते गावरान तूप." सगळे खूश झाले. खरं काय ते संध्याकाळी उलगडलं, पण तोवर साहेब गेले होते आणि त्यांना काही झाल्याचं कानावर आलं नाही. त्यानंतर त्या तेलावरचा विश्वास वाढला.

नवीन घरं बांधून झाली, लोक सिमेंटच्या खोल्यांत गेले. घाणा मात्र परत उभा राहिला नाही. कंट्रोलच्या दुकानात पामतेल मिळायचं, पुढे किराणा दुकानातही सुटं मिळू लागलं. शेतातून करडई हळूहळू गेली आणि सोयाबीन आलं. अण्णा रोज जेवताना एकदा तरी बोलायचे, "ह्या तेलानं जीभ मेली माझी." आणि दुसरी भाकरी घ्यायचे. आपण करडई डोळे झाकून ओळखतो, हा त्यांचा अभिमान होता. ओळखायची वेळ काही येत नव्हती, म्हणून अभिमान टिकून होता.

दहावीला मला बरे गुण मिळाले. तेव्हा लातुरात क्लासेसची लाट आली होती. नांदेड, भोकर, नायगाव, उदगीर, कुठून कुठून मुलं अकरावीला लातुरात यायची. घराच्या दारात फळा, गच्चीवर बाकडी, गॅरेजमध्ये भौतिकशास्त्र. मला वसतिगृहात ठेवायला अण्णा तयार नव्हते. माझ्यासाठी एक स्थळही गावात चर्चेत होतं, मुलाकडे ट्रॅक्टर होता. शेवटी अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, मधे पडली. आत्या लवकर एकटी झाली होती आणि लातुरात दोन खोल्या भाड्याने घेऊन विद्यार्थ्यांची खानावळ चालवत होती. ती म्हणाली, "पोरगी माझ्याजवळ राहील, कामाला हातभार लावील, शिकंल." अण्णा म्हणाले, "अक्का, तुझी खानावळ हाय तोवर ही लातुरात. ती बंद झाली की दोघीबी गावाकडं या."

म्हणजे माझं अकरावी-बारावीचं शिक्षण आत्याच्या कढईवर अवलंबून होतं. आणि कढईत काय असावं याबद्दल आत्या फार कडक होती.

भूकंपाच्या वेळी ती लातुरात होती, शेडमध्ये राहिली नव्हती. त्यामुळे ते तेल तिच्या तोंडाला कधी लागलंच नव्हतं. बाजारातल्या गोलाईच्या मागे एका चाचांची जुनी घाणी होती, तिथून ती करडईचं तेल आणायची. वास आला की तिचा चेहरा उजळायचा. कच्चं तेल शेंगदाण्याच्या चटणीवर घालून, ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचं, याहून मोठं सुख तिला माहीत नव्हतं. तिने माझ्याकडून दारावरची पाटी नव्याने लिहून घेतली: "घरगुती जेवण. शुद्ध करडई तेल." अक्षर माझं चांगलं होतं. पण पाटी लावताना पाहिलं तर गल्लीतल्या समोरच्या खानावळीवर तीच ओळ होती, त्याच्या शेजारच्या खानावळीवरही. मी चाचांना भाबडेपणाने म्हटलं, "चाचा, तुमचं तेल सगळ्या लातूरला पुरतं का?"

ते हसले. "बेटी, करडई लोगां पाटी कू लगारे, कढई कू नक्को बोलरे."

लातुरात तेव्हा एक रीत होती. मुलाला खानावळीत ठेवायच्या आधी बाप एक वेळ स्वतः जेवून बघायचा. आई आली असली तरी जेवायचा बापच. आत्याला या परीक्षेत एकही बाप नापास करायचा नाही. भाजीचा पहिला घास घेतला की मान डुलायची. "करडई! वा! आमच्याकडं आता कुठं भेटती?" भोकरचे एक गृहस्थ तर वाटीचा वास घेत बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा भाजी ताटाच्या कडेला सारत होता. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, मीही दिलं नाही.

बाप एसटीने परत जायचे आणि मुलं राहायची. मग तक्रारी सुरू व्हायच्या. आधी दबकत.

"मावशी, भाजीला कसलातरी वास यायलाय."

"कसला रे?"

"काय की. पण घरच्यासारखं न्हाई लागत."

घरच्यासारखं! आत्याला हा शब्द फार लागला. तिने मीठ कमी केलं, वाढवलं. काळा मसाला बदलला. शेंगदाण्याचं कूट जास्त घातलं. नायगावच्या मुलासाठी एकदा मुद्दाम अंबाडीची भाजी केली. त्याने दोन घास खाऊन नमस्कार केला आणि उठला. महिनाभरात काही मुलं समोरच्या खानावळीत गेली. का, तर म्हणे तिथं घरच्यासारखं लागतं. समोरचा खानावळवाला स्वयंपाकात एवढा वाईट होता की त्याची बायको स्वतःचं जेवण वेगळं करायची, हे गल्लीला माहीत होतं. तरी मुलं तिकडेच.

मी त्या काळात नुकतंच स्निग्ध पदार्थांवरचं प्रकरण वाचलं होतं. एका रविवारी मी वाढता वाढता मुलांना समजावून सांगितलं की करडईच्या तेलात असंतृप्त आम्लं जास्त असतात, ती हृदयाला चांगली. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. एकाने विचारलं, "हे बोर्डाला येतं का?" मी म्हटलं, एवढं खोलात येत नाही. मग त्याने ऐकणं सोडलं.

दिवाळीपर्यंत इतकी कमी मुलं उरली की आत्या एकाच लहान पातेल्यात भाजी करू लागली. मोठी पातेली तिने घासून उलटी ठेवली. आमच्या दोघींच्या मनात गावची एसटी उभी होती. तिकडे ट्रॅक्टरवाल्या स्थळाने दिवाळीनंतर काय ते कळवा, असा निरोप धाडला होता.

सुट्टीत मी घरी गेले. मायने पहिल्या दिवशी आम्हा भावंडांसाठी साधी बटाट्याची भाजी आणि चपाती केली. पहिला घास घेतला आणि मला भरून आलं. इतके दिवस लातुरात मी काय शोधत होते ते तोंडात आलं. मी म्हटलं, "माय, यात काय घातलंस?"

"काय घालणार? बटाटे हायती."

"नाही, पण चव..."

"तिकडं आत्याच्या घरी करडईचं खातीस अन् इथल्या भाजीला चव मनतीस?" माय हसली. "भूकंपाचंच तेल हाय हे, दुसरं काय."

मी तशीच चपाती हातात धरून बसले. चौथीपासून दहावीपर्यंत रोज हेच खाल्लं होतं. माझी जीभ त्या समुद्रकाठच्या झाडावर वाढली होती. भोकरच्या मुलाची, नायगावच्या मुलाची, सगळ्यांचीच. त्यांच्या गावचे घाणे भूकंपाने पाडले नव्हते, ते नुसतेच बंद पडले होते, एवढाच फरक. बापांना आठवत होतं ते बापांच्या लहानपणीचं घर. मुलांना हवं होतं ते कालचं.

लातुरात परत आल्यावर हे आत्याला सांगायला मला दोन दिवस लागले. तिने ऐकून घेतलं, भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या हाताला चव न्हाई, अन् त्या डब्याला हाय?" मी म्हटलं, "तसं नाही आत्या." पण तसंच होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी क्लासवरून आले तेव्हा स्वयंपाकघरात पामतेलाची पिशवी होती. आत्याने पदराने नाक धरून वांग्याची भाजी फोडणीला टाकली. उरलेली मुलं जेवायला बसली. दोन-तीन घास झाले आणि बोलणं थांबलं. नुसता खाण्याचा आवाज. नायगावचा मुलगा तिसऱ्यांदा भाजी घेताना म्हणाला, "मावशी, आज काय केलाव? मला मायची आठवण आली." आणि खरंच त्याचे डोळे भरले.

आत्या आत गेली आणि तिने भांडी इतक्या जोरात आपटली की शेजारीण काय पडलं ते बघायला आली.

त्यानंतर आमच्याकडे दोन तेलं असायची. नवीन मुलाचा बाप जेवून बघायला येणार असेल त्या दिवशी करडई, बाकी रोज पामतेल. पाटी होती तशीच ठेवली. मला ते बरोबर वाटत नव्हतं आणि मी तसं म्हटलंही. आत्या म्हणाली, "बाप जेवतो त्ये त्याच्या आईच्या हातचं. पोरगं जेवतं त्ये त्याच्या आईच्या हातचं. दोघांलाबी मी त्येंच्या आईचं वाढते. यात लबाडी कोणती?" मी विचार करत राहिले. पण मोठी पातेली परत सरळ झाली होती, त्यामुळे फार खोल विचार केला नाही. ती स्वतः मात्र आपली चटणी चाचांच्या तेलातच खायची. तिच्यासाठी एक लहान बरणी फळीवर वेगळी होती.

माघात एका दुपारी अण्णा न सांगता आले. सोयाबीन घेऊन आडतीला आले होते, तिथून सरळ इकडे. खांद्यावर टॉवेल, चेहरा गंभीर. आल्या आल्या म्हणाले, "अक्का, मी ऐकलो खानावळ बसली मनून. पोरीला घिऊन जावं मनून आलो. त्या पावण्यांला कवा तरी उत्तर द्यावंच लागतंय."

"कोण मनलं बसली?" आत्याने जेवणाऱ्या मुलांच्या पंगतीकडे हात केला. "डोळे हायती ना?"

अण्णांनी पंगत बघितली. खोली भरलेली होती. तरी त्यांचं समाधान झालं नाही. "पोरं हायती. पण काय खायलेत, त्ये बगावं लागंल. बाप जेवून बगतो ना तुमच्यात? म्या तर बगितलोच न्हाई अजून."

आणि ते पंगतीत बसले.

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मी आत्याकडे. कढईत पामतेलाची भाजी होती आणि दुसरी करायला वेळ नव्हता. आत्याच्या भाषेत सांगायचं तर आज बापाच्या ताटात मुलाचं जेवण पडणार होतं. ज्या तेलाला अण्णा इतकी वर्षं शिव्या देत होते, तेच. आणि ओळखणारा डोळे झाकून ओळखणारा. मी ताट वाढलं. रस्सा थोडा सांडला.

अण्णांनी चपातीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, खरोखरच डोळे मिटले. खोलीतली मुलं त्यांच्याकडे बघू लागली, कारण हे कुणाचे तरी बाप आहेत एवढं त्यांना कळलं होतं.

"अक्का," अण्णा म्हणाले. "मायच्या हातची चव हाय गं. करडई ती करडई. घरी त्ये भूकंपाचं तेल खाऊन जीभ मेली माझी, पण ह्ये तोंडात पडलं अन् समदं आठवलं बग."

आत्या दारात उभी होती. स्वतःच्या ताटात तिने जन्मात दुसरं तेल येऊ दिलं नव्हतं. एकदा जेवणारा कुणी तिच्या तेलाला रिफाइंड म्हणाला तर तिने त्याला घाणीपर्यंत चालत नेऊन दाखवलं होतं. आणि इथे सख्खा भाऊ दुकानातल्या पिशवीला आईच्या हातची चव म्हणत होता. तिचे ओठ हलले. मला वाटलं, बोलणार. बोलली असती तर बरोबरच होतं. तिने एकदा माझ्या पुस्तकांच्या फळीकडे पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "करडईच हाय."

"मंग राहू दे पोरीला हितंच," अण्णा म्हणाले. "चांगलं तेल पोटात जायलंय, डोकं चालंल. त्या ट्रॅक्टरवाल्याला सांगतो, पोरगी शिकायलीय मनून." आणि तिसरी चपाती घेतली.

निघताना त्यांनी एक मागणी केली. "थोडं तेल दी की. घरी हिला दाखवतो, चव काय असती ती." आता आत्या काय करणार? भावाला पामतेल बांधून द्यायचं तिच्याने झालं नाही. तिने फळीवरची आपली बरणी काढली, अस्सल घाणीचं करडईचं तेल एका बाटलीत ओतलं, झाकण घट्ट केलं. अण्णा ती बाटली टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीत बसले.

पंधरा-वीस दिवसांनी ते पुन्हा आडतीला आले. या वेळी पायरीवरच उभे राहिले, पाणीही घेतलं नाही.

"अक्का, एक बोलू का? राग धरू नको."

"बोल की."

"त्ये तेल खराब निघालं. भाजी केली तर पोरं जेवंनात. हिनं मनली, वास येतोय. म्या बी खाऊन बगितलो, न्हाई गेलं घशाखाली. शेवटाला दिव्याला वापरलो." ते थांबले. "खानावळीत चांगलं वापरतीस, बाहेरच्या पोरांला घालतीस. अन् भावाला खवट दिलीस. एवढं काय केलो म्या तुझं?"

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हणाले, "अण्णा, ते तेल..."

आत्याने माझा हात दाबला. जोरात दाबला, माझी बांगडी मनगटात रुतली. "चुकून तळातलं आलं आसंल रे," ती म्हणाली. "गाळ असतोय तळाला. माझ्या ध्यानात न्हाई आलं."

"आता त्ये असू दे," अण्णा म्हणाले. पण ते असू दिलेलं नव्हतं, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. ते गेले. पुढे वर्षभर ते लातुरात आले की माझी चौकशी करायचे, पैसे द्यायचे, खानावळीत जेवून चवीचं कौतुकही करायचे. पण आत्याला राखीला साडी आली नाही. माझी बारावी झाली, नांदेडला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा पेढे वाटताना अण्णा सगळ्यांना सांगत होते की हे लातूरच्या करडईचं फळ आहे. आणि हळूच पुढे जोडत होते, "बहीण माझी जरा हाताची आखडती हाय, पण पोरीला पोटभर घातली."

त्या दिवशी, बाटलीची तक्रार करून अण्णा पायरी उतरून गेले तेव्हा, मी आत्याला म्हटलं होतं, "आत्या, मी सांगते त्यांना. तुझ्यावर उगाच आळ येतोय."

"काय सांगतीस? तुझ्या बापाला करडई वळखू येत न्हाई मनून सांगतीस? मंग त्यो तुला हितं ठिवंल?" तिने पंगतीसाठी ताटं मांडायला घेतली. "राहू दे त्याचं. मला खवट मनू दे. तू त्ये जीवशास्त्राचं काढ, परवा पेपर हाय मनलीस ना."

मी पुस्तक काढलं. आत स्वयंपाकघरात तिने पामतेलाच्या पिशवीचा कोपरा दातांनी फाडला आणि तेल कढईत ओतलं.